पडद्यावरचे वाँग गुरुजी

एका तालुक्याच्या गावी शाळेत इतिहासावर बोलायला गेलो होतो. बोलणे संपले, काही प्रश्न आहेत का म्हणून विचारले, तेव्हा मागच्या बाकावरचा आठवीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कुंगफूच्या पिक्चरमधला तो वाँग फेइ-हुंग खरंच होऊन गेला का हो?" वर्गात हशा पिकला. शिक्षकांनी त्याच्याकडे डोळे वटारले. पण मंडळी, मला विचाराल तर त्या दिवसातला तोच सगळ्यांत चांगला प्रश्न होता. तिथल्या तिथे मी "हो, होऊन गेला" एवढेच सांगितले. बाकीचे आज सांगतो.

माणूस खराच. दक्षिण चीनमधल्या फोशान भागातला. जन्म 1847 चा मानतात. कँटन शहरात त्याचा 'पो ची लाम' नावाचा दवाखाना होता. मोडलेले हाड बसवायचे, मुका मार लागला तर लेप द्यायचा, आणि हुंग घराण्याचे मुष्टियुद्ध शिकवायचे, असा त्याचा व्यवसाय. यात नवल वाटू नये. आपल्याकडेही तालमीतला वस्ताद हात निखळला तर बसवून देतोच की! 1924 साली शहरातल्या व्यापाऱ्यांचे सशस्त्र पथक आणि सरकारी फौज यांची चकमक उडाली, आगी लागल्या, त्यांत हा दवाखाना जळाला. त्यानंतर थोड्याच काळात म्हातारा वारला. मागे राहिली ती त्याची पत्नी मोक क्वाय-लान, काही शिष्य आणि त्यांच्या आठवणी. मोक क्वाय-लान पुढे हाँगकाँगला गेली आणि तिथे विद्या शिकवीत राहिली. लाम साय-विंग हा त्याचा नावाजलेला शिष्य, धंद्याने खाटीक. या लामचा शिष्य चू यू-जाय याने आजोबा-गुरूच्या गोष्टी वर्तमानपत्रात क्रमशः लिहिल्या. म्हणजे पाहा, माणूस गेल्यावर थोड्याच वर्षांत तो गोष्टीत शिरला. आता गोष्टीतून तो पडद्यावर कसा आला, हे पाहायचे आहे. ते काम एका नटाने केले.

त्या नटाचे नाव क्वान ताक-हिंग. जन्म 1905 चा. हा मूळचा कँटनी संगीत नाटकातला नट. या नाटकात गाणे, हातवारे, कोलांट्या आणि शस्त्रांचे हात असे सगळेच अंगात लागते. 1933 साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरी कँटनी भाषेतला एक बोलपट निघाला, अगदी सुरुवातीच्या कँटनी बोलपटांपैकी एक. त्याचा नायक हाच. पुढे जपानने चीनवर चाल केली. तेव्हा क्वानने परदेशातल्या चिनी वस्त्यांतून नाटकाचे खेळ करीत युद्धनिधी गोळा केला. लोक त्याला 'देशभक्त कलावंत' म्हणू लागले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येतो.

1949 च्या ऑक्टोबर महिन्यात पेकिंगमध्ये नव्या राजवटीची घोषणा झाली, आणि त्याच महिन्यात हाँगकाँगमध्ये वू पाँग या दिग्दर्शकाचा वाँग फेइ-हुंगवरचा पहिला चित्रपट लागला. क्वान तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचा होता. नायक म्हणून वय झालेलेच, पण गुरुजी म्हणून अगदी शोभणारे. वू पाँगचा आग्रह असा की, पडद्यावरची मारामारी खरी दिसली पाहिजे. त्याआधी काय होते? एक तर नाटकातल्या ठरीव गिरक्या, नाही तर युक्तीने दाखवलेली जादूची तलवार आणि तळहातातून निघणारा प्रकाश. वू पाँगने दक्षिणी मुष्टियुद्धाचे खरे जाणकार आणून उभे केले. लाम साय-विंगचा शिष्य लाऊ जाम या चित्रपटांत आपल्याच गुरूचे काम करी! इतिहासाच्या प्राध्यापकाला याहून गोड पुरावा तो कोणता मिळणार?

मग जी माळ लागली ती विचारू नका. एकट्या 1956 साली पंचवीस चित्रपट निघाले. महिन्याला दोन म्हणा ना. त्या काळी हाँगकाँगात घाईने काढलेल्या चित्रपटांना 'सात दिवसांचे ताजे' असे गमतीने म्हणत, कारण आठवड्यात चित्रीकरण उरकायचे. भिंती कापडाच्या, कथा ओळखीची. खलनायक बहुधा एकच, शेक किन. लोक त्याला 'दुष्ट किन' म्हणूनच ओळखत. वाँगचा आवडता शिष्य चो तात-वा करी. शिष्य तापट, कुठे तरी भांडण उकरून काढणार. गुरुजी आधी शिष्यालाच रागावणार, मग समोरच्याची समजूत घालणार, अपमान गिळणार. अगदीच इलाज खुंटला तर हात उचलणार, आणि जिंकल्यावर शत्रूला उपदेश करून सोडून देणार. चिनी भाषेत अशा गुरूला 'सिफू' म्हणतात. आपल्या 'गुरुजी' या शब्दात जो मान, जी माया आणि जो धाक आहे, तोच त्यात आहे.

हे बघायला गर्दी कोणाची? 1945 साली हाँगकाँगची वस्ती सहा लाखांच्या आसपास होती. पाच-सहा वर्षांत ती वीस लाखांच्या वर गेली. सारे पळून आलेले लोक. डोंगरउतारावर लाकडाच्या झोपड्या. 1953 च्या नाताळच्या रात्री शेक किप मेइ या वस्तीला आग लागली आणि पन्नास हजारांहून अधिक माणसे उघड्यावर आली. कँटन रेल्वेने काही तासांवर, पण परत जायची सोय नाही. अशा माणसाला चार आण्यांच्या खुर्चीत बसून जुने कँटन दिसे. तिथले चहाघर, सणाची मिरवणूक, उंच टांगलेला पालेभाजीचा गड्डा तोंडाने खुडणारा सिंहनाच, आणि भांडण मिटवणारा एक वडीलधारा. शिवाय तो वडीलधारा कोण, तर युद्धात देशासाठी निधी गोळा करणारा क्वान! नट आणि भूमिका लोकांनी एकच करून टाकली. आपल्याकडे 'संत तुकाराम' चित्रपटानंतर विष्णुपंत पागनीसांना लोक नमस्कार करीत, त्यातलाच हा प्रकार.

शिक्षकमित्रांनो, इथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलावीशी वाटते. खरा वाँग इतका सोशीक होता का? मला शंका आहे. बंदरातल्या शहरात आखाडा चालवणारा माणूस, इतके उपदेश करून तो टिकला नसता. पडद्यावरची ती क्षमा मला क्वानची वाटते, आणि समोर बसलेल्या निर्वासितांची. म्हणून हे चित्रपट 1890 च्या कँटनचा पुरावा म्हणून कच्चे आहेत. मात्र 1950 च्या हाँगकाँगला काय हवे होते, याचा पुरावा म्हणून पक्के. सिंहनाचाची आणि मुठीची जुनी पद्धत त्यांत जपली गेली, हा वरचा लाभ.

1970 च्या सुमारास ही मालिका थांबली. मँडरिन भाषेतले रंगीत, भरपूर रक्ताचे चित्रपट आले. कँटनी चित्रपटाची तर 1972 साली इतकी दशा झाली की, वर्षभरात त्या भाषेत एकही निघाला नाही. पण बी जमिनीत होते. लाऊ जामचा मुलगा लाऊ कार-लेउंग याच चित्रपटांत घडला आणि पुढे मोठा दिग्दर्शक झाला. 1973 सालच्या 'एंटर द ड्रॅगन' मध्ये ब्रूस लीसमोर जो एका हाताचा हान उभा आहे ना, तो आपला जुना 'दुष्ट किन'. तेव्हा साठीचा. त्याचा इंग्रजी आवाज मात्र दुसऱ्याचा. 1978 साली जॅकी चॅनने वाँगला उनाड पोरगा करून टाकला, आणि 1991 नंतर जेट लीने त्याला तरुण पुढारी केले. दोघेही मला आवडतात. पण त्यांच्याकडे पाहून कोणी गप्प बसेल असे वाटत नाही. क्वानने नुसती भुवई उचलली की शिष्य गप्प बसत.

क्वानने ही एकच भूमिका सत्तराहून अधिक चित्रपटांत केली. 1979 साली लाम साय-विंग खाटकावर एक चित्रपट निघाला. खाटीक झाला सामो हुंग, आणि गुरुजींच्या कामाला चौऱ्याहत्तर वर्षांच्या क्वानलाच बोलावले. त्यात एक प्रसंग आहे. गुरुजी कुंचल्याने अक्षरे लिहीत बसले आहेत. प्रतिस्पर्धी आखाड्याचा वस्ताद तावातावाने येतो, कागद ओढतो, हात धरू पाहतो. म्हातारा उलट मारायला जात नाही. वार चुकवत चुकवत लिहीत राहतो, आणि शेवटची रेघ पुरी झाल्यावरच कुंचला खाली ठेवतो.

1996 साली क्वान वारला. त्या मालिकेत वाजणारी 'सेनापतीची आज्ञा' ही जुनी चाल जेट लीच्या चित्रपटांतही घेतली आहे. त्या मुलाला मी एवढे कळवले आहे की, पुढच्या वेळी ती चाल कानावर पडली, तर ती त्याच्या आजोबांच्या काळापासून वाजते आहे.