धूर फक्त तोंडात घोळवला तर? फ्रॉइड यांच्या सिगारची गोष्ट

“डॉक्टर, सिगारेट नाही हो. कधीतरी एखादा छोटा, उंची सिगार. धूर आत घेत नाही, नुसती चव घेतो.” असं सांगणाऱ्यांना मी सिग्मंड फ्रॉइड यांची गोष्ट सांगतो.

मनोविश्लेषणाचे हे जनक व्हिएन्नात दिवसाला वीसेक सिगार ओढत. त्याशिवाय त्यांचं लिखाण होत नसे. सिगारचा शौकीन धूर तोंडात घोळवतो. मिरीचा तिखटपणा, मागून कॉफीची, लाकडाची झाक. सिगारचा तंबाखू आंबवून मुरवलेला असतो. त्याचा धूर अल्कधर्मी असल्याने निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात शिरतं. त्यामुळे धूर छातीत न घेताही सवय लागते. आणि चव जिथे रेंगाळते, तिथेच कर्करोगकारक द्रव्यंही रेंगाळतात.

१९२३ मध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी, फ्रॉइड यांच्या तोंडात वरच्या बाजूला, टाळूपाशी गाठ सापडली. पुढच्या सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. वरच्या जबड्याचा भाग काढून कृत्रिम जबडा बसवावा लागला; खाणं, बोलणं अवघड झालं. ते स्वतः डॉक्टर होते, तरी सिगार सुटला नाही. २३ सप्टेंबर १९३९ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

तंबाखू चघळा, मिश्री लावा किंवा महागडा सिगार चाखा. तोंडाचं अस्तर किंमत पाहत नाही. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर लगेच दाखवा. तपासणीला दोन मिनिटं पुरतात.