घरच्या घरी मोबाइलवर स्टॉप मोशन व्हिडिओ कसा बनवतात?

टेबलावर एक काड्यापेटी ठेवलेली असते. ती आपोआप उघडते, आतल्या काड्या एकेक करून बाहेर सरकतात आणि बघता बघता त्यांचं छोटंसं घर तयार होतं. कुणाचा हात कुठेच दिसत नाही. असे रील पाहिले की ‘हे कोणत्या ॲपने केलं?’ हा प्रश्न कमेंटमध्ये हमखास येतो. ॲपचा वाटा त्यात असतो, पण थोडाच. काडी किंचित सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा किंचित सरकवायची, पुन्हा फोटो. असे शंभर-दीडशे फोटो एकापाठोपाठ वेगाने दाखवले की निर्जीव वस्तू चालायला लागतात. या तंत्राला स्टॉप मोशन म्हणतात.

काड्यापेटीचं उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट याच पद्धतीने केला होता. भारतातल्या ॲनिमेशनचा इतिहास सांगताना सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच केली जाते. दुर्दैवाने त्याची प्रत आज उपलब्ध नाही. त्याही आधी, ‘राजा हरिश्चंद्र’ प्रत्यक्षात येण्यापूर्वी, फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट बनवला. आपल्याला हे तंत्र जमतं, हे भांडवल देणाऱ्यांना पटवण्यासाठी तो उपयोगी पडला. मात्र वाटाण्याचा प्रयोग हा टाइम-लॅप्स होता. तिथे रोप स्वतःच वाढतं, कॅमेरा फक्त ठरावीक वेळाने ते टिपतो. स्टॉप मोशनमध्ये दोन फोटोंच्या मधली प्रत्येक हालचाल माणसाने केलेली असते.

फाळके यांच्या काळात चित्रण नीट झालं की नाही, हे फिल्म धुतल्यावरच कळायचं. मोबाइलवर ते लगेच दिसतं. चांगल्या कॅमेऱ्याचं कारण तर आता देताच येत नाही. ‘वॉलेस अँड ग्रोमिट’ बनवणाऱ्या ब्रिटनच्या आर्डमन स्टुडिओने २०१० साली ‘डॉट’ नावाची फिल्म नोकिया एन-८ या फोनवर, त्याला सूक्ष्मदर्शकाचं भिंग जोडून चित्रित केली. तिची नायिका जेमतेम ९ मिलिमीटर उंच होती. आज बहुतेकांच्या खिशातला फोन त्यापेक्षा सरस आहे.

तरीही घरी केलेले पहिले प्रयत्न बरेचदा फसतात, आणि त्याला हा सरस फोनच कारण ठरतो.

फोनचा शहाणपणा बंद करणं

मोबाइलचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या वेळी नव्याने विचार करतो. उजेड किती, रंग पिवळट आहे की निळसर, नेमकं कशावर फोकस करायचं, हे सगळं तो स्वतः ठरवतो. एकच फोटो काढायचा असेल तर ही सोय उत्तम. पण १५० फोटोंमध्ये त्याने १५० वेळा वेगवेगळा निर्णय घेतला, तर व्हिडिओ लुकलुकतो. लाल गाडी पुढे सरकली की मागची पांढरी भिंत गुलाबी दिसते, हात फ्रेमजवळ आला की पुढचा फोटो उजळतो. फोकस बदलला तर चित्राचा आकारही किंचित लहान-मोठा होतो आणि सगळं दृश्य श्वास घेतल्यासारखं हलतं. हे नंतर दुरुस्त करणं जवळपास अशक्य असतं.

म्हणून पहिला फोटो काढण्याआधी एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस या तिन्ही गोष्टी कुलूपबंद कराव्या लागतात. आयफोनच्या कॅमेऱ्यात पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर लॉक होतात. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘प्रो’ किंवा ‘मॅन्युअल’ मोड असतो आणि त्यात तिन्ही आकडे हाताने ठरवता येतात. एचडीआर, नाइट मोड, ब्युटी आणि फ्लॅश बंद. काही फोन वस्तू जवळ आली की आपोआप मॅक्रो लेन्सवर उडी मारतात. तेही बंद करावं, नाहीतर मधूनच चौकट बदलते.

एका बाबतीत मात्र फोन मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा बरा. डीएसएलआरच्या लेन्समधली पाती प्रत्येक फोटोला उघडतात-मिटतात आणि दरवेळी अगदी तेवढीच मिटतील असं नसतं. त्यामुळेही चित्र लुकलुकतं. बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र कायम एकाच मापाचं असतं, त्यामुळे ही कटकट नाही.

स्टॉप मोशनसाठी खास ॲप वापरणं सोयीचं पडतं. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ हे त्यातलं बरंच प्रचलित नाव. त्याची मोफत आवृत्ती सुरुवातीला पुरते. अशा ॲपमध्ये ‘ओनियन स्किन’ नावाची सोय असते. आधीचा फोटो पडद्यावर पुसट दिसत राहतो, त्यामुळे वस्तू किती सरकली याचा अंदाज येतो. ही एक सोय शिकून घेतली तरी निम्मं काम सोपं होतं.

उजेड: खिडकी नको, दिवा हवा

खिडकीतला उजेड दिसायला सुंदर असतो, म्हणून बहुतेक जण तिथेच टेबल लावतात. पण १५ सेकंदांच्या व्हिडिओला दीड-दोन तास सहज लागतात. तेवढ्यात ऊन सरकतं, ढग येतात आणि सावली टेबलाच्या एका कडेपासून दुसरीकडे जाते. पडदे ओढून टेबल लॅम्प लावणं किंवा रात्री काम करणं उत्तम. दोन दिवे मिळाले तर एक जवळ, दुसरा लांब आणि समोर पांढरा कागद धरून मंद केलेला. दोन्ही एकाच रंगाचे हवेत. एक पिवळा आणि एक पांढरा असेल तर वस्तूच्या दोन बाजू दोन रंगांच्या दिसतात.

भारतात घरगुती वीज ५० हर्ट्झची असते, म्हणून स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवलं की दिव्याची पूर्ण आवर्तनं फोटोत येतात आणि पट्टे दिसत नाहीत. वस्तू स्थिरच असल्याने एवढं संथ शटर चालून जातं. आयएसओ १०० ते २०० च्या आसपास पुरे.

फोटो काढणाऱ्याचे कपडेही मध्ये येतात. पांढरा शर्ट घालून टेबलाजवळ वाकलं की त्याचा उजेड वस्तूवर पडतो. गडद कपडे घालावेत आणि प्रत्येक फोटोच्या वेळी एकाच जागी उभं राहावं.

फोन हलू न देणं

ट्रायपॉड असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर तांदूळ भरलेला डबा आणि दोन रबरबँड यांवरही काम भागतं. वरून खाली बघणारं दृश्य हवं असेल तर दोन खुर्च्यांवर पाट किंवा फळी आडवी टाकून तिच्या कडेला, लेन्स बाहेर राहील असा फोन चिकटपट्टीने बसवता येतो. फळीच्या दुसऱ्या टोकाला वजन ठेवायला विसरू नये.

खरी अडचण बटण दाबताना येते. पडद्याला बोट लागलं की फोन केसभर हलतो आणि तेवढं व्हिडिओत दिसतं. सेल्फी स्टिकसोबत येणारा छोटा ब्लूटूथ रिमोट यासाठी चांगला. बऱ्याच फोनमध्ये वायरच्या इअरफोनवरचं आवाज वाढवण्याचं बटणही फोटो काढतं. चार्जर आधीच लावून ठेवावा, कारण मध्येच वायर खुपसली की चौकट हललीच. फोन फ्लाइट मोडवर टाकावा. व्हायब्रेट होऊन जागचा सरकलेला फोन पुन्हा नेमका तिथेच बसवणं फार अवघड. टेबलही फोनइतकंच स्थिर हवं. टेबलाचे पाय सरकू नयेत म्हणून जमिनीवर खुणा करून ठेवतात. पंखा बंद. उन्हाळ्यात ही अट जिवावर येते, पण कागदाची पात्रं असतील तर इलाज नाही.

किती फोटो, किती हालचाल

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो. घरी सेकंदाला १२ पुरतात. मोठे स्टुडिओही बरेचदा १२ वेगळे फोटो काढून प्रत्येक फोटो दोनदा दाखवतात. १५ सेकंदांच्या रीलला १८० फोटो लागतात. दर फोटोला अर्धा मिनिट धरलं तर दीड तास. साध्या व्हिडिओ एडिटिंग ॲपमध्ये फोटो जोडायचे असतील तर एका फोटोचा कालावधी ०.१ सेकंद ठेवावा, म्हणजे सेकंदाला १० फोटो होतात. रीलसाठी फोन उभाच धरावा. आडवे काढलेले फोटो नंतर कापले की पात्रांची डोकी जातात. पूर्ण आकाराचे १८० फोटो मिळून अर्ध्या जीबीच्या पुढे सहज जाऊ शकतात, म्हणून फोनमधली जागा आधी बघून घ्यावी.

नवशिक्यांचे व्हिडिओ कृत्रिम दिसण्याचं मुख्य कारण म्हणजे सगळी हालचाल सारख्या अंतराची असते. खरी वस्तू हळू सुरू होते, मध्ये वेग घेते आणि थांबताना पुन्हा मंदावते. नाणं टेबलावरून सरकवायचं असेल तर पहिल्या फोटोंमध्ये २, ४, ७ मिलिमीटर, मधे एकेक सेंटिमीटर आणि शेवटी पुन्हा ७, ४, २. पोहोचल्यावर काही फोटो काहीच न हलवता काढावेत. त्या थांबण्यामुळे बघणाऱ्याला घडलेली गोष्ट कळते.

हलवायचं काय? पहिल्यांदा बटणं, नाणी, काड्या, तूरडाळ अशा सपाट पडून राहणाऱ्या वस्तू घ्याव्यात. उभी राहणारी पात्रं मागाहून. मातीची पात्रं करायची तर तेलयुक्त क्ले घ्यावी, कारण ती वाळत नाही. शाडू सुंदर दिसते, पण वाळली की तडकू लागते. स्वयंपाकघरातली दृश्यं फार लोकप्रिय आहेत. भेंडी स्वतःच चिरली जाते, कांदा स्वतःच सोलला जातो. त्यात वेळेशी शर्यत असते. चिरलेलं सफरचंद तांबूस होतं, कोथिंबीर मान टाकते. अशी दृश्यं आधी वस्तूंऐवजी खडूचे तुकडे ठेवून एकदा करून बघावीत.

एक जुनी युक्ती इथे फार कामाची आहे. डाळीचे दाणे येऊन नाव तयार होताना दाखवायचं असेल, तर नाव आधीच नीट मांडून घ्यावं, एकेक दाणा काढत फोटो घ्यावेत आणि शेवटी क्रम उलटा करावा. अक्षरं वाकडी होण्याचा धोका उरत नाही. रांगोळीलाही हेच, मात्र तिथे रंग काढताना जमिनीवर डाग राहतो, म्हणून खाली गडद कागद हवा.

वस्तूंऐवजी माणसंही चालतात. कॅनडात काम करणाऱ्या नॉर्मन मॅक्लारेन यांनी १९५२ सालच्या ‘नेबर्स’मध्ये दोन शेजाऱ्यांना बाहुल्यांसारखं हलवलं. या प्रकाराला पिक्सिलेशन म्हणतात. त्या फिल्मला ऑस्कर मिळालं, तेही चक्क माहितीपटाच्या गटात. घरातलं कुणी प्रत्येक फोटोला उडी मारायला तयार असेल, तर ते जमिनीला पाय न लावता अंगणभर तरंगताना दिसू शकतं.

आवाज शेवटी. दृश्यं जोडून झाल्यावर पापड मोडल्याचा, डबा उघडल्याचा, कागद चुरगाळल्याचा आवाज फोनवरच रेकॉर्ड करून योग्य फ्रेमवर बसवावा. लोकप्रिय गाणं लावण्यापेक्षा याने व्हिडिओ जास्त खरा वाटतो, आणि कॉपीराइटची भानगडही राहत नाही.

मधेच धक्का लागला तर

तो लागतोच. मांजर टेबलावर येतं, ९० व्या फोटोला दिवे जातात. अशा वेळी घाईने पुढचा फोटो काढू नये. ओनियन स्किनमध्ये आधीचा फोटो पाहत टेबल, दिवा आणि वस्तू पुन्हा जुळवाव्यात. दिव्याच्या जागेवर सुरुवातीलाच चिकटपट्टीची खूण केलेली असेल तर हे सोपं जातं. फोनच हलला असेल आणि जुळतच नसेल, तर तो पूर्ण वेगळ्या कोनात नेऊन तिथून पुढचं दृश्य सुरू करावं. थोडीशी सरकलेली चौकट चूक वाटते, पूर्ण बदललेली चौकट नवा शॉट वाटते.