व्हॉल्व्हचा घरगुती मायक्रोफोन

पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झाली, तेव्हा वक्त्यापुढे मायक्रोफोन नव्हता. वक्त्याचा गळा हेच त्याचे ध्वनिवर्धक. खोपटच्या एसटी आगाराच्या दारात, इंजिनांच्या घरघरीवर आवाज चढवून ज्याला चार शब्द सांगावे लागतात, त्याला त्या जुन्या वक्त्यांबद्दल आदर वाटल्यावाचून राहात नाही. परंतु श्रोतेहो, मला आज गळ्यासंबंधी बोलावयाचे नाही. ज्याच्यापाशी पैसा नाही किंवा सरकारचा परवाना नाही, त्याने आवाजाचे यंत्र स्वतःच्या हाताने जोडले, तो इतिहास सांगावयाचा आहे.

हा इतिहास आरंभापासूनच घरगुती आहे. १८७८ साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज याने दोन खिळे शेजारी ठेवले, तिसरा त्यांवर आडवा टेकविला आणि बॅटरी व टेलिफोन जोडून दिला. सैल टेकलेल्या जागी आवाजाने दाब कमीजास्त होई, आणि वीजही तशीच कमीजास्त वाहे. ह्यूजने याचे पेटंट घेतले नाही. आपली कल्पना चोरली म्हणून एडिसनने वर्तमानपत्रांतून गहजब केला, पण खिळ्यांवर मालकी कोण सांगणार?

कार्बनचे मायक्रोफोन पुढे पुष्कळ वर्षे चालले. त्यांतून आवाज येई तसा खरखराटही येई. १९१६ साली अमेरिकेत वेंटे याने कंडेन्सर मायक्रोफोन केला. त्यात एक पातळ पडदा आणि त्यामागे केसाएवढ्या फटीवर एक स्थिर चकती असते. पडदा हलला की फट बदलते, आणि फट बदलली की विजेचा दाब बदलतो. आवाज निर्मळ, परंतु विजेचा जोर इतका क्षीण की लांब तारेतच तो जिरून जातो. म्हणून पडद्याला लागूनच व्हॉल्व्ह बसवावा लागतो. व्हॉल्व्हची जाळी स्वतः जवळपास काहीच वीज खात नाही, नुसता दाब ओळखते आणि पुढे लांब तारेतून जाईल असा जोर देते. व्हॉल्व्हच्या मायक्रोफोनचे मर्म एवढेच आहे. १९४९ साली जर्मनीत नॉयमान यांनी काढलेल्या यू-४७ चे मर्मही हेच. तो आज लाखांच्या भावाने विकला जातो.

व्हॉल्व्ह जोडता येणाऱ्या हातांचे मोल आपल्या मुंबईला १९४२ साली कळले. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच सरकारने हौशी प्रक्षेपकांची यंत्रे पोलिसांच्या हवाली करावयास लावली होती. पण डोक्यातले नकाशे जप्त करता येत नाहीत. नरिमन प्रिंटर या हौशी तंत्रज्ञाने प्रक्षेपक जुळवून दिला. काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरविणाऱ्या शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्रीचे साहाय्य केले. आणि २७ ऑगस्ट १९४२ रोजी गुप्त काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. जागा बदलीत बदलीत हा उद्योग सुमारे अडीच महिने चालला. गंमत अशी की पोलीस ही भाषणे ऐकून टिपून घेत, आणि त्या टिपणांमुळेच त्यांतला मजकूर पुढे टिकून राहिला. १२ नोव्हेंबरला छापा पडला. त्यांच्याच एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखविले, असे उषाबेन पुढे सांगत. बाबूभाई खाकर यांना पाच, उषाबेनना चार व चंद्रकांत झवेरी यांना एक वर्षाची शिक्षा झाली, मोटवानी सुटले.

आज असा मायक्रोफोन जोडावयास तुरुंगाचे भय नाही, खर्चही बेताचा आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये बसविण्यासाठी पेन्सिलीच्या तुकड्याएवढे व्हॉल्व्ह तयार केले. त्यांचे वंशज जुन्या साठ्यांतून अजून मिळतात. मारण्याकरिता जन्मलेली वस्तू गाण्याबोलण्याच्या कामी येते, हे मला फार आवडते. ६४१८ या नावाचा व्हॉल्व्ह सव्वा व्होल्टवर तापतो. दीड व्होल्टचा एक सेल आणि मध्ये पंचवीस ओहमचा रेझिस्टर पुरे. वरच्या दाबासाठी नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या ओळीने जोडाव्या, म्हणजे सत्तावीस व्होल्ट होतात. मोठ्या व्हॉल्व्हांना शंभराच्या वर व्होल्ट लागत. तो धोका येथे नाही.

कॅप्सूल इलेक्ट्रेट घ्यावी. ही १९६२ साली बेल प्रयोगशाळेत सेसलर आणि वेस्ट यांनी काढली. तिच्यात विजेचा भार कायमचा मुरलेला असतो. मात्र बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलच्या पोटात आधीच एक चिमुकला ट्रान्झिस्टर असतो, आणि तो असेल तर व्हॉल्व्हला काम उरत नाही. तेव्हा ट्रान्झिस्टरविना मिळणारी मागावी. बाकीची सामग्री लॅमिंग्टन रोडवर धुंडाळता येते.

जाळीला जोडावयाचा रेझिस्टर शंभर कोटी ओहमचा असतो. त्यावर घामट बोट लागले तरी त्या डागातून वीज पाझरते आणि मायक्रोफोन चरचरू लागतो. ठाण्याच्या पावसाळ्यात तर हवाच पाझरते. म्हणून डाख दिल्यावर ती जागा स्पिरिटने धुऊन कोरडी करावी, आणि व्हॉल्व्हला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळावा. नाहीतर टेबलावर टिचकी मारली तरी तो घंटेसारखा वाजतो.