देवनागरी वर्णसंकेतन (वेब उपयोजने)

देवनागरी वर्णसंकेतन म्हणजे देवनागरी वर्ण संगणकात साठवण्यासाठी व पाठवण्यासाठी त्यांना ठरावीक अंक नेमून देण्याची पद्धत होय. वेब उपयोजनांत त्यासाठी सामान्यतः युनिकोड ही वर्णसूची व यूटीएफ-८ हे संकेतन वापरतात.

पार्श्वभूमी

इस्की (आयएस १३१९४ : १९९१) या भारतीय मानकात अनेक लिपींतील समान वर्णांना एकच संकेत होता, त्यामुळे मजकुराची लिपी वेगळी सांगावी लागे. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीला स्वतंत्र विभाग आहे. त्यामुळे गुजरात सीमेवरील तलासरीसारख्या तालुक्याची माहिती मराठी व गुजरातीत एकाच पृष्ठावर देता येते.

साठवण व लांबी

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा प्रत्येक संकेतबिंदू तीन बाइट घेतो. 'डहाणू' या शब्दात पाच संकेतबिंदू व १५ बाइट, तर 'तलासरी' या शब्दात सहा संकेतबिंदू व १८ बाइट आहेत. रकान्याची मर्यादा १६ बाइट असून मजकूर तेथेच तोडल्यास 'तलासरी'तील शेवटची वेलांटी तुटते व अवैध बाइट उरतो. मोडी लिपीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला. तिच्या वर्णांना चार बाइट लागत असल्याने मायएसक्यूएलमधील तीन बाइटांचा जुना 'यूटीएफ८' प्रकार त्यांना अपुरा पडतो. तेथे 'यूटीएफ८एमबी४' निवडावा लागतो.

समान दिसणारे भिन्न मजकूर

'किनाऱ्यावर' या शब्दातील ऱ्य हे जोडाक्षर दोन प्रकारे लिहिले जाते: ऱ (यू+०९३१), हलन्त व य, किंवा र, हलन्त, शून्य-रुंदी जोडक व य. दोन्ही सारखेच दिसतात, परंतु संगणकाला ते भिन्न आहेत. ऱ हा वर्ण 'र व नुक्ता' असा लिहिल्यास एनएफसी प्रमाणीकरण त्याला एकरूप करते; जोडक वापरलेले रूप मात्र तसेच राहते. २००८ साली समाविष्ट झालेला ॲ (यू+०९७२) व 'अ'ला चंद्र जोडून केलेले रूप यांचेही असेच आहे. परिणामी नावनोंदणीत असलेली व्यक्ती शोधात सापडत नाही, किंवा तिची दुबार नोंद होते.

दक्षता

पृष्ठ, सर्व्हरचे उत्तर, विदागार व त्याची जोडणी या सर्व ठिकाणी यूटीएफ-८ घोषित करावे लागते. यूटीएफ-८ मजकूर लॅटिन संकेतन समजून वाचल्यास प्रत्येक देवनागरी वर्णाच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. असा बिघडलेला मजकूर पुन्हा जतन झाल्यास मूळ मजकूर परत मिळवणे कठीण होते. म्हणून शोध व तुलना करण्यापूर्वी मजकुराचे प्रमाणीकरण करून वरील पर्यायी रूपे स्वतंत्र नियमाने एक करतात.