पलटणीतला फळा आणि शिपायाची पदवी

कोरेगावच्या १८१८ च्या लढाईवर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलले जावेच. परंतु कंपनी सरकारने महार शिपायाच्या हाती बंदूक दिली तशी पुढे पाटीही दिली, आणि आपल्या चळवळीच्या दृष्टीने पाटीचा परिणाम बंदुकीपेक्षा खोल गेला, ही गोष्ट तेवढ्या आग्रहाने कोणी मांडत नाही. शिपायाला लष्कराने किती शिकवले आणि नेमके कुठे थांबवले, हा या लेखाचा विषय आहे.

कंपनीच्या फौजेत देशी शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते, असे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. यातला ‘मुलींना’ हा शब्द वाचकांनी ओलांडून जाऊ नये. त्याच मुंबई इलाख्यात १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि सरकारने स्पृश्यांच्या रोषाला भिऊन तो नाकारला. म्हणजे एकाच सरकारच्या दोन शाळा होत्या. छावणीतली उघडी होती, गावातली बंद होती. छावणीतली उघडी होती ती करुणेपोटी नव्हे. ज्याला हुकूम वाचता येतो, हजेरी मांडता येते, असा माणूस फौजेला हवा होता.

या शाळांना मास्तर लागत आणि ते पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये तयार होत. रामजी सकपाळ तिथे शिकले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत ‘विटाळ विध्वंसन’ लिहून त्यांनी धर्मशास्त्र्यांना प्रश्न घातले. हे धैर्य स्वभावाचे होते हे खरेच; पण लेखी सवाल करण्याची, कलमवार मुद्दे मांडण्याची शिस्त पलटणीतली होती. आपल्या पहिल्या पिढीचे विद्यापीठ कोणते, असे कोणी विचारले तर दापोलीच्या पेन्शनरांची वस्ती दाखवावी लागेल.

१८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ‘लढाऊ जाती’ नावाचे एक शास्त्र इंग्रजांनी शोधून काढले होते आणि त्यात आपण बसत नव्हतो. रोजगार गेला, मान गेला, हे तर झालेच. पण शाळाही गेली. वलंगकरांनी १८९४ साली भरतीसाठी अर्ज केला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली पुन्हा केला. लष्कराने जी लेखणी हाती दिली होती, तिनेच लष्कराला जाब विचारला गेला. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि महायुद्धाची गरज सरल्यावर १९२१ पर्यंत मोडलीही.

या साऱ्या काळात शिपायाला साक्षरता मिळाली, पदवी मिळाली नाही. रामजींनी मुलाकडून तर्खडकरांच्या भाषांतरमाला घोटून घेतल्या, पण बी.ए. झाला तो मुलगा, एल्फिन्स्टन कॉलेजातून, १९१२ साली, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर. बापाने फौजेत फळ्यापाशी थांबायचे आणि पदवी मुलाने घ्यायची, अशी ही वाटणी होती. आपल्यातल्या कितीतरी घरांत ती आजही आहे.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. भरती झालेल्यांना लष्कर शिकवी ते रोमन उर्दू, हिशेब, नकाशावाचन. त्याचे दाखले तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या वर्गाचे असत आणि बढती त्यांच्यावर अवलंबून असे. हवालदार होण्यापुरते शिक्षण होते. जे शिक्षण माणसाला हवालदारीच्या बाहेर नेईल, ते देण्याचे फौजेला काय कारण?

बाहेर पदव्या होत्या. १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय निघाले, सकाळी वर्ग भरू लागले आणि मुंबईतला कारकून ऑफिसच्या आधी कॉलेज करू शकला. पण लेह किंवा तेजपूरला असलेल्या शिपायाने टर्म कशी भरायची? त्याच्यासाठी दार किलकिले झाले ते टपालाने: १९६२ साली दिल्ली विद्यापीठाचे पत्रद्वारा वर्ग, १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. अभ्यासकेंद्रावर काम केलेल्या शिक्षकाला हा विद्यार्थी ओळखू येतो. तो वार्षिक सुट्टी परीक्षेला जोडून घेतो. त्याच सुट्टीत बहिणीचे लग्न, घराचे पत्रे आणि पेरणीही असते. ऐनवेळी युनिट हलले की वर्ष गेले. गैरहजेरीच्या रकान्यात मात्र तो आणि कंटाळून न आलेला विद्यार्थी सारखेच दिसतात.

आता त्याच फौजेची दुसरी बाजू पाहावी. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत अधिकारी होऊ घातलेला कॅडेट तीन वर्षे काढतो आणि प्रशिक्षणाबरोबरच जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडतो. शिपाई पंधरा वर्षे काढतो. त्याच्यासाठी १९८६ चा नियम आहे: मॅट्रिक झालेला आणि पंधरा वर्षे सेवा केलेला माजी सैनिक ‘क’ गटाच्या पदवीधर-पदांना पात्र. ही सवलत उपयोगी आहे, तिने घरे चालली आहेत. पण ती नोकरीपुरती बरोबरी आहे; तिच्यावर एम.ए.ला प्रवेश मिळत नाही. शिपायाला अधिकारी करणारे आर्मी कॅडेट कॉलेज आहे, तिथे पदवीही मिळते. १९६० ते १९७७ ते पुण्यात होते, नंतर डेहराडूनला गेले. ती वाट खरी आहे, पण अरुंद आहे.

२०२२ साली अग्निपथ योजना आली. चार वर्षे नोकरी, त्यानंतर फार तर पंचवीस टक्क्यांना कायम करायचे. त्याच वर्षी जाहीर झाले की अग्निवीरांसाठी मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी असेल आणि तिचे निम्मे क्रेडिट लष्करी प्रशिक्षणातूनच धरले जातील. ‘आधी भरती होऊ, की आधी बी.ए. करू?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला ही पदवी दोन्ही एकदम देऊ करते. मी तिला नावे ठेवणार नाही. शिपायाचे श्रम विद्यापीठाच्या हिशेबात प्रथमच एवढ्या वजनाने धरले जात आहेत. परंतु उरलेल्या निम्म्यात काय आहे, हे आपल्या अभ्यासमंडळांतील प्राध्यापकांनी बारकाईने पाहावे. त्यात इतिहास किती, राज्यघटना किती, स्वतःच्या भाषेत लिहिणे किती? या पदवीवर मराठीच्या किंवा समाजशास्त्राच्या एम.ए.ला बसता येईल का, की ती सुरक्षारक्षकाच्या अर्जाला जोडण्यापुरती राहील?

पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ मध्ये पुरी होतात. चारांपैकी तीन तरुण पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतात, आणि त्यांच्यापाशी पेन्शन नसते. दापोलीच्या पेन्शनरांना निदान लिहीत बसण्याइतकी निश्चिंती होती.