तळटीप : हेब्बाळ

हेब्बाळ. बेंगळुरूच्या उत्तरेचे हे उपनगर आज तळे, उड्डाणपूल आणि विमानतळाचा रस्ता यांमुळे ठाऊक आहे. येथे २०१८ मध्ये सुमारे इ. स. ७५० चा कित्तय्याचा वीरगळ सापडला. त्यात या भागाला 'पेर्बोळल-नाडु' म्हटले आहे. कन्नडमध्ये आरंभीचा 'प' पुढे 'ह' झाला, म्हणजे नाव बदलले ते बोलणाऱ्यांच्या जिभेवर. शेजारच्या शहराचे 'बँगलोर' केले ते इंग्रजांनी. १ नोव्हेंबर २०१४ रोजी ते अधिकृतपणे पुसले गेले. त्याच दिवशी बेळगावचे 'बेळगावी' झाले. (मराठी माणूस अजून 'बेळगाव'च म्हणतो, ते वेगळे.)

परक्या राज्यकर्त्यांनी दिलेली नावे अशी पुसण्याची वाट फिलिपिन्सला अवघड. देशाचे नावच स्पेनच्या दुसऱ्या फेलिपेवरून पडलेले. शिवाय १८४९ मध्ये गव्हर्नर क्लावेरिया यांनी आडनावांची छापील यादीच काढली. तीतून काही गावांच्या वाट्याला एकाच अक्षराने सुरू होणारी आडनावे आली.

गोव्यात फर्नांडिस, डिसोझा आले ते बाप्तिस्म्याबरोबर. त्यामुळे दोन्हीकडे आडनावावरून रक्ताचे नाते काढणे फसवे. क्लावेरियांच्या यादीत तर स्थानिक शब्दही होते.