लेखणी घडविणारे हात

लेखणीचा इतिहास सांगताना लेखकाचाच इतिहास सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. कोणी काय लिहिले याची नोंद होते. ज्या हातांनी लेखणी घडविली त्यांची होत नाही. हस्तिदंत, शिंग, हाड, बोरू अशा नाजूक नैसर्गिक द्रव्यांना आकार देणाऱ्या कारागिरांकडे बौद्ध परंपरेने कोणत्या दृष्टीने पाहिले, याचा विचार खानदेशाच्या भूमीवरून करावा, हा प्रस्तुत लेखामागील आमचा हेतू आहे.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे डॉ. एस. ए. साळी यांनी 1970 च्या दशकात उत्खनन केले. त्यात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि रेघांची नक्षी कोरलेला कवचाचा तुकडा मिळाला. त्यांचा काळ सुमारे 25,000 वर्षांपूर्वीचा मानला जातो. ठिसूळ कवच न फुटू देता त्यावर रेघ ओढणारा हात या भूमीत इतका जुना आहे. पाटण्याजवळच्याच डोंगरांत पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर, ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडविल्याचा लेख आहे. संघाच्या वास्तूत कारागिराचे नाव कोरले गेले, ही गोष्ट लहान नाही.

याच परंपरेचा अधिक प्रसिद्ध पुरावा सांचीस आहे. मुख्य स्तूपाच्या दक्षिण तोरणावर राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचा लेख आहे. आणि त्याच तोरणाच्या एका स्तंभावर, हे शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केले, असे नमूद आहे. हस्तिदंतावर चालणारी बारीक छिन्नी तेथे दगडावर चालली. सांचीच्या दात्यांत भोगवर्धनचे लोकही आहेत. भोगवर्धन म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरांपलीकडचे आजचे भोकरदन. तेथील उत्खननातही हस्तिदंती शिल्प मिळाले. इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली जी भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, तिची तुलना अभ्यासक भोकरदन व तेर येथील मूर्तींशी करतात.

परंतु दंतकाराला खरा मान मिळाला तो तथागतांच्या वाणीत. सामञ्ञफलसुत्तात कुशल कुंभार, कुशल दंतकार आणि कुशल सोनार ही साधनेने सिद्ध झालेल्या चित्ताची उपमा आहे. सतिपट्ठानसुत्तात तर श्वासावर लक्ष ठेवणाऱ्या साधकाला खरादीवर काम करणाऱ्या कारागिराची उपमा दिली आहे. दोरी लांब ओढताना तो लांब ओढत असल्याचे जाणतो, आखूड ओढताना आखूड ओढत असल्याचे जाणतो. या उताऱ्यावरील अट्ठकथा सांगते की आखूड ओढ ही हस्तिदंती सुईसारख्या बारीक वस्तूंसाठी असते. आणि तेथे या कातकामासाठी शब्द आहे 'लिखन'! लिख् या धातूचा मूळ अर्थ खरवडणे, कोरणे. लेखणी कातणारा आणि लेखणीने लिहिणारा, दोघांचे कर्म भाषेने एकाच धातूत बांधले आहे. ते वेगळे केले समाजाने.

विनयपिटकातील ओमसवादाचा नियम या वेगळेपणाची साक्ष देतो. त्यात समाजाने हीन मानलेली शिल्पे सांगितली आहेत : बुरूड, कुंभार, विणकर, चर्मकार, न्हावी यांची. उच्च मानलेली शिल्पे म्हणजे मुद्रा, गणना आणि लेखन. म्हणजे बोरू ज्या जातीच्या नळांपासून होतो ते नळ हाताळणारा हीन, आणि बोरू कागदावर चालविणारा उच्च. ही उतरंड बुद्धाने निर्माण केली नाही. ती समोर होती. जात वा शिल्प यांवरून भिक्खूला हिणविणे हा मात्र संघात अपराध ठरला. आमच्या मते या नियमाचे सामाजिक मोल अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही.

दुसरा नियम सुईच्या नळीविषयी आहे. कपिलवस्तूच्या एका दंतकाराने भिक्खूंना हव्या तितक्या नळ्या देऊ केल्या. मागण्या इतक्या वाढल्या की त्याला दुसरे काम करता येईना, त्याचे बायकामुलांसह हाल होऊ लागले. तेव्हा हाडाची, हस्तिदंताची वा शिंगाची नळी करवून घेणे निषिद्ध झाले. करवून घेतलीच तर ती मोडून टाकावी लागे. श्रद्धेपोटी दिलेल्या श्रमालाही मर्यादा असावी, कारागिराचे पोट मारून संघाने वस्तू बाळगू नये, हा त्या नियमाचा आशय आहे.

हस्तिदंत मिळतो कोठून, हा प्रश्नही परंपरेने टाळला नाही. जळगावहून जवळ असलेल्या अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात छद्दन्त जातक रंगविले आहे. बोधिसत्त्व हत्ती आपले सुळे स्वतः कापून व्याधास देतो, आणि ज्या राणीने ते मागविले ती सुळे पाहताच दुःखाने मरते. दंतकारांचा लेख असलेल्या सांचीच्या त्याच दक्षिण तोरणावर हे जातकही कोरलेले आहे. कौशल्याचा गौरव आणि हत्तीची वेदना एकाच तोरणावर आहेत. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्यात 1986 व 1991 साली दुरुस्त्या होऊन हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आज हाताने लेखण्या कातणारे लाकूड, एबोनाइट यांचा वापर करतात. कला त्यामुळे संपली नाही.

धुळ्यात 1927 साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात जुन्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. त्यांच्या लेखकांचा शोध घेतला जातो आणि तो घेतलाही पाहिजे. पण बोरू तासणारा, शाई घोटणारा, कागद करणारा त्या इतिहासात कोठे आहे? ज्यांनी साधने घडविली त्यांनाच अक्षर नाकारले गेले. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा लेखणी केवळ एका विद्वानाच्या हाती आली नाही, ती घडविणाऱ्यांच्या हाती आली. म्हणून आमच्या तरुण अभ्यासकांनी लेण्यांतील दानलेख वाचताना राजांच्या नावांपाशी थांबू नये. कण्हदासासारखी नावे शोधावीत, आपल्या गावातील बुरूड, कातारी, सोनार यांच्या शिल्पाची माहिती लिहून ठेवावी. तो इतिहास आपण लिहिला नाही, तर दुसरे कोणी लिहिणार नाही.